खिडकीजवळची खाट

फीनिक्स
सोमवार, ६ जून

प्रिय मावशी,

तू बरी असशील. गुडघे कुरकुरत असतील आणि मेंढ्या तुझं ऐकत नसतील, म्हणजे सगळं नेहमीसारखंच. मीही ठीक आहे. इथे ऊन असं की दुपारी कुत्रीसुद्धा रस्ता ओलांडत नाहीत. जेवायला नूडल्स, सकाळी उरलेले नूडल्स, आणि तपासणीला कुणी येणार असलं की अंडं घातलेले नूडल्स. तुझा मटणाचा रस्सा आठवतो. तुझ्या शिव्याही आठवतात.

शेजारी एक मेक्सिकन बाई राहते, कुंड्यांत मिरच्या लावते. हे पत्र तीच पेटीत टाकणार आहे. घरातल्या कुणाच्या हाती द्यायचं नव्हतं.

माझं मागचं पत्र मिळालं असेल. घर छान आहे, दारू सुटली, धाकट्या डेल्विनलाही पाठव, असं त्यात होतं. अक्षर माझंच, पण लिहिताना रॉस समोर बसला होता. रॉस म्हणजे आमचा ड्रायव्हर, व्हॅन घेऊन फिरतो आणि माणसं आणतो. "अजून गोड लिही," म्हणाला, "मावशीला रडू यायला पाहिजे." तू रडली असशील. डेल्विनची बॅगही भरून ठेवली असशील, मला माहीत आहे.

मी या माणसाच्या गाडीत बसलो कसा, ते तुला कधी सांगितलं नाही. गॅलप गावात लाँड्रीबाहेर पिऊन पडलो होतो. हा आला, आपल्या भाषेत बोलला, आणि रीतीप्रमाणे आधी कूळ सांगितलं. आईकडून कडू पाण्याच्या कुळाचा, आपल्याच. म्हणजे माझा भाऊच की. कुळाच्या माणसाला नाही म्हणायचं नाही, हे तूच कान पिळून शिकवलंस. व्यसन सोडणाऱ्यांचं घर आहे, म्हणाला, राहणं फुकट, उपचार फुकट. बसलो गाडीत.

परवा त्याने माणसं आणायला मला बरोबर नेलं. शिपरॉकच्या एका पोराला त्याने सांगितलं, मी मिठाच्या कुळाचा. पुढे एका म्हाताऱ्याला सांगितलं, चिखलाच्या कुळाचा. दोघंही 'भाऊ, भाऊ' करत चढले.

मी हसत हसत विचारलं, "दादा, तुला आया किती रे?"

"ज्या गावात जी लागेल ती," म्हणाला. "व्हॅन रिकामी नेली तर मलाच घरी बसवतील."

मला का नेलं होतं? पुढच्या सीटवर धुतलेला शर्ट घालून बसायचं आणि कुणी विचारलं तर 'चांगलं आहे' म्हणायचं, एवढ्यासाठी. आणि मी म्हटलं.

पुरे झालं आडून बोलणं. मावशी, इथे दारू सुटत नाही. आपल्या मूळनिवासी माणसांच्या उपचाराचे पैसे सरकार या घराला माणशी भरतं. माणूस बरा होऊन घरी गेला की ते पैसे बंद. म्हणून कुणी सावरायला लागला की त्याच्या उशाशी बाटली येते. कुणी ठेवली, कुणी विचारत नाही. माझ्या उशाशी आली ती मी बेसिनमध्ये ओतली. पुन्हा आली, पुन्हा ओतली. मग एकदा नाही ओतली.

खिडकीजवळच्या खाटेवर पायनॉनकडचा एकजण होता. त्याचं नाव लिहीत नाही, तू समजून घे. मोठा मस्करीखोर. रॉसला तोंडावर 'बारा कुळांचा जावई' म्हणायचा. गेल्या आठवड्यात एका सकाळी तो उठलाच नाही. आपल्याकडे गेलेल्याचं नाव घेत नाहीत आणि माणूस गेला ते घर सोडून देतात, पुन्हा त्यात कुणी निजत नाही. इथे रॉसने गादी उलटी केली, वर नवी चादर घातली आणि मला म्हणाला, "ही तुझ्या धाकट्यासाठी."

मला धाकटा भाऊ आहे हे त्याला मीच सांगितलं. पिऊन सांगितलं. पवनचक्कीपासून डावीकडे, निळ्या छपराचं घर, दारातलं कुत्रं नुसतंच भुंकतं, सगळं सांगितलं. मला माझी किळस येते, मावशी.

येत्या शनिवारी व्हॅन तुझ्या दारात येणार आहे. आमचे फोन आल्या दिवशीच काढून घेतले. त्या शेजारणीच्या फोनवरून तुला लावून पाहिला, पण टेकडी चढल्याशिवाय तुझा लागत नाही. तू शुक्रवारी टपालपेटी उघडायला जातेस, त्याच्यावरच माझी सगळी भिस्त आहे. या आठवड्यात गुडघ्याचं निमित्त करू नकोस.

डेल्विनला पाठवू नकोस. प्यायचंच असेल तर तुझ्या अंगणात पिऊ दे. तू त्याला बडवशील, पण सकाळी तो उठेल तरी.

अजून एक आहे, आणि ते लिहायला हात धजत नाही. शनिवारी रॉस मलाही आणणार आहे. सख्खा भाऊ बोलवायला आला म्हणजे पोरगा लगेच चढतो, असं त्याचं म्हणणं. मी नाही म्हटलं नाही. माझं ओळखपत्र त्यांच्याकडे, खिशात दमडी नाही, तुझ्यापर्यंत पोचायचा दुसरा रस्ता मला दिसत नाही. तिथे उतरलो की डेल्विनला ओरडून सांगायचं, पळ, असं ठरवलंय. पण रस्ता लांबचा आहे आणि रॉस वाटेत बाटली पुढे करतो. आज मी नाही म्हणतोय. गाडीत काय म्हणेन, सांगता येत नाही. माझा मलाच भरवसा नाही गं.

म्हणून नीट ऐक. मी दारात येऊन हाक मारली, हसलो, तुझे पाय धरले, या पत्रातलं सगळं खोटं होतं असं शपथेवर म्हणालो, तरी दार उघडू नकोस. डेल्विनने माझा आवाज ओळखला तर त्याला धरून ठेव. तो माझ्यामागे येईल, लहानपणापासून येत आलाय.

आतून कडी घाल.

तुझ्याच दाराकडे निघालेला,
लेलंड