वखारीची खिडकी

आप्पा,

शाहपुरातली तुमची केळी पिकवायची वखार आता माझ्याकडे आहे. केळी नाहीत तिच्यात. मी मशरूम पिकवते, धिंगरी म्हणतात ती जात. हसू नका. केळीची वाळलेली पानं आणि गव्हाचा भुसा गरम पाण्यात भिजवायचा, निथळला की बी टाकत टाकत प्लास्टिकच्या पिशव्यांत भरायचा आणि पिशव्या आढ्याला टांगायच्या. तुम्ही म्हणाला असता, "कुत्र्याच्या छत्र्या विकते का माय आता?" आई तेच म्हणाली. सासर सोडून आले तेव्हा भावानं तोंड वाकडं केलं नाही, पण मला नुसतं बसून खायचं नव्हतं. वखार मागितली. तो म्हणाला, "हिवाळाभर घे. जमलं तर तुझी, नाही तर मी खताच्या गोण्या ठेवतो." ती खोली गेली असती तर या घरात माझं म्हणावं असं काहीच उरलं नसतं.

पिशव्या पांढऱ्याशुभ्र झाल्या, बुरशीनं छान जाळं धरलं. मग मी काय करावं? दार गच्च लावलं, फटीत गोणपाट कोंबलं, झरोका मातीनं लिंपून टाकला. शिकवणारे तुम्हीच ना! आठवतं? मी फ्रॉकमधली पोर आहे. वखारीत घड रचलेत, कोपऱ्यात धूर सोडलाय, तुम्ही दार लिंपून बाहेर विडी ओढत बसलात. मला केळी पिवळी होताना बघायची आहेत. तुम्ही पाणी प्यायला उठता आणि मी दार ढकलते. काय ओरडलात तुम्ही! "हवा शिरली की माल गेला, कळतं का?" मारलं नाहीत. वखार उघडली त्या दिवशी एक पिकली फणी माझ्या हातात ठेवलीत, पण बोलला नाहीत. ती मी रडत रडत खाल्ली, आणि बंद दाराला हात लावायचा नाही हे अंगात भिनलं ते भिनलंच.

मशरूम आले, पण काय सांगू! लांबलचक दांडे आणि टोकाला शर्टाच्या बटणाएवढी टोपी. बुऱ्हाणपूरच्या हॉटेलवाल्यानं टोपलीत डोकावून सांगितलं, "दीदी, इसमें तो डंडी ही डंडी है." येताना बसमध्ये टोपलीवर ओढणी टाकून बसले, कोणी विचारू नये म्हणून. ज्यांच्याकडे हे शिकले त्या बाईंना फोन केला, तर त्या म्हणाल्या, "अहो, कोंडून ठेवलंत का? त्याला मोकळी हवा लागते. नुसता झरोका नाही पुरायचा, खिडकी काढा." म्हणजे तुम्ही स्वतः रचलेली भिंत फोडायची. मला वाटलं, आई आकाशपाताळ एक करेल. ती भाकरी थापत होती, मानही वर केली नाही. "तुझ्या बापाला केळं कळत होतं, माय. हे केळं आहे का?"

तरी हात होईना. पहार घेऊन मी भिंतीपुढे उभी, आणि कान मागे, तुम्ही ओरडाल म्हणून. भाऊ म्हणाला, "दे इकडं, मी फोडतो." मी दिली नाही.

खिडकीला जाळी बसवली. त्याच पिशव्यांना पुन्हा बहर आला, तळहाताएवढ्या रुंद टोप्या, एकीवर एक. हॉटेलवाला म्हणाला, "ये हुई ना बात!" भावानं खताच्या गोण्या गुपचूप ओसरीत लावल्या. आई अजून खात नाही, पण अंगणातल्या चुलीवर मला भाजी करू देते आणि भावाला दुसऱ्यांदा वाढते.

हे आईला वाचून दाखवीन म्हणून लिहायला घेतलं होतं. आता नाही दाखवणार. आप्पा, तुमची आठवण फार येते, अगदी जीव कासावीस होतो. पण तुम्ही असता तर मी ती भिंत फोडली नसती. तुम्ही हो म्हणाला असता तरी नसती. पहिली वीट निखळली आणि क्षणभर, फक्त क्षणभर, मला बरं वाटलं की तुम्ही नाही आहात.