नगरच्या अंगाचा दिवा

५ डिसेंबर १९७१, रविवार
वहीबाई, ओळखलंस का? पावसाळ्यापासून तुला उघडलं नाही, म्हणजे विसरलीच असशील! मी मरिया, अंगठाबहाद्दर. लिहिते नातसून कृपा. मी 'न्हाई' म्हणते, ती 'नाही' लिहिते. शिकलेली आहे, चालायचंच.
परवा लढाई लागली. तिचा नवरा, माझा डेव्हिड, सरहद्दीवर. पत्र नाही.

७ डिसेंबर
दवंडी झाली — दिवे झाका. नगरला छावणी आहे, विमान येईल. आणि दिवेलागणीला आलंच! नगरच्या अंगाला, एकच दिवा, पांढरा लख्ख. हलेना, वाजेना. "इमान न्हाई, उडती तबकडी हाय! पेपरात आल्तं!" शेजारचा गोरक्ष ओरडला आणि थेट उकिरड्यात उडी! शेण निथळत वर आला. सगळे हसले. मीही हसले असेन. तोंड हललं एवढं ठाऊक.

९ डिसेंबर
पत्र नाही.

१० डिसेंबर
आज सांजेला दिवा पुन्हा आला. मी ओट्यावरून उठलेच नाही. "आज्जे, आत व्हय, बाम पडंल!" — गोरक्ष. पडू दे म्हटलं. भ्यायलाही आत काही उरावं लागतं.
दिवा सावकाश खाली आला, बाभळीमागे बुडाला. तेव्हा कळलं — ही तर शुक्राची चांदणी! चाळीस वर्षं पहाटे हिला उगवतीला बघून जात्यावर बसले. गिरणी आली, पहाटेचं उठणं सुटलं. आता ही सांजेला मावळतीला उभी, तर ओळख नाही. विसरभोळी तू नाहीस वहीबाई, मी.
"गोरक्षा, चांदणीला भिऊन शेण खाल्लंस रे!" खूप छळलं त्याला. मग जेवले. कालवणात मीठ होतं का, ते कृपाला विचारलं.

१७ डिसेंबर
लढाई थांबली म्हणे. गावाने पेढे वाटले. मी हातात धरून बसले. कृपा म्हणाली, खा. तिचाही तसाच होता.

२२ डिसेंबर, बुधवार
पत्र आलं. मला वाचता येत नाही, पण डेव्हिडचं अक्षर ओढीच्या बैलासारखं पुढे कलतं. हे सरळ. परक्याचं. कृपा उघडेना. "वाच," म्हटलं.
"आज्जे, तुझ्यासारखं दुसऱ्याकडून लिहून घेतोय. सांजेला आभाळात दिवा दिसला, विमान समजून खंदकात उडी टाकली. उजवा हात मोडला. ती चांदणी निघाली. गोरक्षाला सांगू नको."
खाली डाव्या हाताची सही. माझा अंगठा बरा.
कृपे, रड नंतर, शाई फुटते. लाडू वळ, उद्याच पाठवू. लहान वळ — डाव्या मुठीत मावतील एवढे.