मार्लब्रिजला दिलेली माणसं

कोपवुड, २ मार्च १९८६

ती. एनिडताईस, धाकट्या मर्विनचा चिखलाने भरलेला शि. सा. न. वि. वि.

तुमच्या न्यूझीलंडात अजून ऊन आहे हे वाचून जीव जळला. इथे इंग्लंडात, आपल्या डीनच्या जंगलात, नुसतं धुकं, आणि मैदानावर मेंढ्या. हाकलल्या की पाच मिनिटांत परत हजर.

विचारलंस म्हणून सांगतो, आपल्या रग्बी क्लबचा इतिहास लिहून होत आलाय. पुढल्या वर्षी क्लबला शंभर वर्षं होतील. आजोबा आणि त्यांचे सोबती रात्रपाळी संपवून खाणीतून थेट खेळायला यायचे, ते पहिल्या प्रकरणात घेतलंय. सगळ्यांची तोंडं कोळशाने काळी, त्यामुळे कोण कुठला ते ओळखूच येत नाही अशी समोरच्यांनी तक्रार केली होती म्हणे! सव्वीस सालही लिहिलं. मालकांनी खाणींना टाळं ठोकलं, घरात पावाचा तुकडा नाही, आणि क्लब त्या वर्षी एकदाही हरला नाही.

पण शंभरावं वर्ष उजाडेल असं वाटत नाही गं. जिल्ह्याच्या गुणतक्त्यात आम्ही आणि मार्लब्रिज दोघेही तळाशी. ५ एप्रिलला आमचा एकमेकांशी शेवटचा सामना आहे. हरेल तो तळाला, आणि तळाच्या क्लबाला मोठे क्लब पुढे सामने देणार नाहीत. सामने नसले तर थांबणार नाही, असं पोरांनी मला तोंडावर सांगितलंय. आमचा एड्रियन तेवढा म्हणतो, की बाबा, मी कुठे जात नाही. त्याच्यासारखा पळणारा आज जिल्ह्यात नाही. बापाने म्हणू नये, पण म्हणतो.

तुझी भावजय ग्लेनिस बरी आहे. डेसभावोजींना नमस्कार. लोभ आहे तो जपून ठेव, इथे सध्या त्याचीच टंचाई आहे.

तुझा मर्विन


टिमारू, १३ मार्च १९८६

चि. मर्विन यास एनिडताईचे अ. उ. आ. आणि डोक्यात एक टपली.

आजोबांचं एवढं गुणगान करतोस, तर ती बर्फातली गोष्टही लिही. पाहुण्यांची घोडागाडी अडकली, चौघे पोचलेच नाहीत, तर आजोबांनी सांगितलं, आमच्यातले हवे ते चार निवडा. पाहुणे काय खुळे होते? त्यांनी तगडे बघून उचलले आणि आजोबांना धुऊन काढलं. तेव्हापासून ती तुमची रीत झाली. सगळं गाव तिचं कौतुक करताना थकत नाही, आजी मात्र मरेपर्यंत त्यांना त्यावरून टोमणे मारायची. मी आजीच्या बाजूची. डेसला सांगितलं तर तो हसून हसून लोळला. म्हणाला, आमच्याकडे असल्या माणसाला गावाबाहेर काढलं असतं.

चेष्टा पुरे. मला तुझी धास्ती वाटते. आई गेली तेव्हा तू रडला नाहीस, आणि वादळात क्लबचं छप्पर उडालं तेव्हा ढसाढसा रडलास, ग्लेनिसने मला कळवलं होतं. क्लब गेला तर तुझं कसं व्हायचं? वेळेवर जेवत जा. आणि जिंका रे बाबांनो.

तुझी खाष्ट, पण तुझीच, ताई


कोपवुड, ६ एप्रिल १९८६

ती. ताईस शि. सा. न.

हरलो. आधी तेच सांगून टाकतो.

मार्लब्रिजची एक मोटार वाटेत बंद पडली. पंधरांपैकी बाराच जण आले. पंच म्हणाले, बारा तर बारा, खेळवतो. बारा जणांना आम्ही डोळे मिटून हरवलं असतं. आमची पोरं तर आधीच दात काढायला लागली होती. मार्लब्रिजचा कप्तान माझ्यापाशी आला. त्याने काही मागितलं नाही, नुसता बूट घासत उभा राहिला. आणि ताई, माझ्या तोंडून निघून गेलं, की आमचे राखीव धरून अठरा आहेत, हवे ते तीन निवडा.

आमच्या कप्तानाने अशी शिवी हासडली की पंचांनी तोंड फिरवलं. पण क्लबच्या चिटणिसाचा, म्हणजे माझा, शब्द गेला होता, आणि रीत त्यालाही ठाऊक. त्याने मान हलवली. दोन्ही कप्तान राजी असले की निकाल धरला जातो.

पाहुण्याचं पहिलं बोट एड्रियनकडे गेलं. एड्रियन माझ्याकडे बघत राहिला. मी त्याला बजावलं, की दिला तर दिला, आता त्यांच्यासाठी जीव तोडून खेळायचं, हातचं राखलंस तर घराची पायरी चढू नकोस.

अगदी शेवटपर्यंत आम्ही पुढे होतो. मग त्याला चेंडू मिळाला. आमच्या तिघांना चकवून तो सुटला तो सुटलाच, आणि त्याने रेषेपलीकडे चेंडू टेकवला. तेवढ्यानेच गेलो.

मी टाळ्या वाजवल्या. मैदानावर दुसरं कुणीच वाजवत नव्हतं.

मर्विन


टिमारू, १७ एप्रिल १९८६

चि. मर्विन यास, आशीर्वादाला हात उठत नाही, तरी उचलते.

गाढवा! आजोबा हरले, पण पुढल्या शनिवारी पुन्हा खेळले. तुला पुढला शनिवार नाही हे तुला पक्कं माहीत होतं. मग कशाला रे? माझं पत्र वाचून तुला हे सुचलं की काय, या विचाराने मला दोन दिवस अन्न गोड लागलेलं नाही.

आणि एड्रियन काय म्हणाला ते तू लिहिलंच नाहीस. पानभर सामना लिहिलास आणि पोराचं एक अक्षर नाही. आधी त्याला भेट.

रागावलेली असले तरी तुझी, ताई


कोपवुड, १२ मे १९८६

ती. ताईस शि. सा. न.

तुझ्या पत्रामुळे काही झालं नाही, ते मनातून काढून टाक. ती रीत माझ्या हाडात आहे.

क्लब मिटला. सभेला अकरा जण आलो, हात वर केले, संपलं. खांब काढून नेले. मैदान आता मेंढ्यांचंच. इतिहासाचं शेवटचं प्रकरण लिहायला बसतो आणि उठतो. वाचणार कोण?

एड्रियन त्या दिवसापासून घरी फिरकला नव्हता. काल मीच त्याच्या खोलीवर गेलो. गावात त्याच्याशी कुणी बोलत नाही. गुत्त्यात जाऊन बसला की बाकीचे पेले उचलून दुसऱ्या टेबलावर जातात. एकाने तर त्याला विचारलं म्हणे, की मार्लब्रिजने किती दिले. त्याने उत्तरेकडे कुठेतरी काम धरलंय. रग्बीचे बूट शेजाऱ्याला देऊन टाकले.

त्याने मला चहा दिला. मग खाली बघून विचारलं, की मी मुद्दाम पाय घसरून पडलो असतो, तर बाबा, तुम्ही मला माफ केलं असतं का.

मी नाही म्हणालो. त्याने मान डोलावली, आणि मला दारापर्यंत सोडायला आला.

ताई, तो सुटला तेव्हा मी मनातल्या मनात ओरडत होतो, की पड रे पोरा, पड. हे त्याला सांगायला माझं तोंड उघडलं नाही. आज सकाळच्या गाडीने तो गेला.

लोभ असू दे म्हणायचा धीर होत नाही.

मर्विन