आईला घेऊन बोलोन्याला

बाबा,

आईला घेऊन इटलीला जायचं ठरतंय. ठरतंय म्हणजे मी ठरवतेय आणि बाकीचे मला वेड्यात काढताहेत. तुम्ही असता तर आधी शर्टाच्या टोकाने चष्मा पुसला असता आणि मग म्हणाला असता, "पासपोर्ट कुठे ठेवलेस ते दाखव." पासपोर्ट कपाटात आहेत. मी उठसूट कपाट उघडून बघते. बंद केलं की वाटतं, आईचा दिसला नाही बहुतेक, की पुन्हा उघडते. नवरा म्हणतो, "अगं, पाय फुटलेत का त्यांना?" त्याला काय जातंय बोलायला! तिकडे मासे कसे मिळतात एवढीच काळजी त्याने स्वतःकडे ठेवलीय, बाकीची सगळी माझ्या गळ्यात आहे.

इटलीच का, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. पण तो रविवार मला इतका स्पष्ट दिसतो की लिहिल्याशिवाय राहवत नाही. घाटकोपरच्या आपल्या दोन खोल्या. मुलुंडच्या तुमच्या कंपनीत औषधाच्या गोळ्या पॅक करायचं नवं मशीन आलंय आणि ते बसवायला बोलोन्याहून एक फिटर आलाय. कंपनीने त्याला चांगल्या हॉटेलात ठेवलंय, पण तो कंटाळलाय, म्हणून तुम्ही त्याला सरळ घरी जेवायला घेऊन येताय. आई सकाळपासून तुमच्या नावाने खडे फोडतेय. "तेका काय घालू? पाव?" आणि तोंडाने हे म्हणत हाताने बांगड्याचं तिखलं, सोलकढी, तांदळाच्या भाकऱ्या सगळं करतेय. तो येतो. दारात वाकूनच शिरतो. पाटावर त्याच्या लांब टांगा मावत नाहीत, एक इकडे एक तिकडे. तिखल्याने त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि तरी तो बोट चाटून पुन्हा वाढा म्हणतोय. त्याच्या हातातून भात सारखा सांडतो आणि मी फिस्सकन हसते.

तो गेल्यावर तुम्ही मला समोर बसवलंत. आवाज चढवला नाहीत, तुम्ही कधीच चढवत नसायचात. म्हणालात, "परक्या गावात माणूस असाच दिसतो. उद्या तू त्याच्या गावी गेलीस आणि तुला बघून कुणी हसलं, तर?" मी रुसून रात्री जेवले नाही. पण ते वाक्य माझ्या अंगाला चिकटलं ते चिकटलंच. आता परक्या गावात जायची वेळ आलीय, आणि लोक माझ्याकडे नाही, आईकडे बघणार आहेत.

जाताना त्याने आईला कॉफीचं एक भांडं दिलं होतं, अल्युमिनियमचं, तीन भागांचं. ते कॉफीचं आहे हे तुम्ही सांगायच्या आत आईने त्याची विभागणी करून टाकली होती. खालच्या भागाने ती तांदूळ मोजायची, मधल्या नरसाळ्याने बाटलीत खोबरेल ओतायची आणि वरच्या चोचवाल्या भागाने तुळशीला पाणी घालायची. त्यात कॉफी कधी झाली नाही. आणि दारात उभं राहून तो म्हणाला होता, एकदा बोलोन्याला या, माझी आई तुम्हाला करून वाढेल. तुम्ही ते मराठीत सांगितलंत, तर आईने डोक्यावरचा पदर सारखा करून उत्तर दिलं, "येतलव म्हणान सांगा."

तो म्हणाला ते रीत म्हणून असेल. आईने मात्र येऊ म्हणून शब्द दिला. आपल्याकडे जेवायचं बोलावणं एकदा घेतलं की गेलं पाहिजे. नाहीतर पुढे वर्षानुवर्षं त्या घरासमोरून जाताना मान खाली. तुम्ही रिटायर झाल्यावर जाऊ म्हणालात. मग तुमच्या छातीत दुखायला लागलं आणि पुढचं सगळं राहिलंच. तो फिटर आज हयात आहे की नाही, ठाऊक नाही. त्याची आई तर नसणारच. पण आई परवासुद्धा लसूण सोलता सोलता म्हणाली, "तेका येतलव म्हणान सांगितला, आणि आमी काय जावक नाय." बाबा, ज्या बाईला सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नाही, तिला हे आठवतं.

हो, आई विसरायला लागलीय. पहिल्यांदा गॅस, मग शेजारणीचं नाव, मग आमचा मजला. गेल्या उन्हाळ्यात ती कोथिंबीर आणायला म्हणून नाहूरच्या आमच्या घरातून खाली उतरली आणि गायब. मी चपला न घालता वणवण फिरले. ती सापडली थेट मुलुंडला, तुमच्या कंपनीच्या गेटवर. म्हणजे जिथे गेट होतं तिथे. आता तिथे मोठा टॉवर झालाय. वॉचमनने तिला स्वतःची खुर्ची दिली होती आणि तो मला म्हणाला, "माताजी बोल रही थीं, साहब छूटेंगे तो साथ में जाएँगे. मैं बोला, बैठिए, आराम से बैठिए." रिक्षा करून ती तिथपर्यंत गेली होती. पत्ता तिने बरोबर सांगितला होता, फक्त तो आता राहिला नव्हता.

त्यानंतर ती संध्याकाळ झाली की विचारू लागली, "ह्ये अजून इले नाय?" पहिल्या वेळी मी खरं सांगितलं. आई, बाबा गेले ना गं, किती वर्षं झाली. ती मोरीच्या उंबऱ्यावर मटकन बसली आणि रडली. नुसतं रडणं नव्हे, तुम्हाला घरातून नेलं तेव्हा रडली होती तसं, पहिल्यांदा कळल्यासारखं. काही दिवसांनी पुन्हा तोच प्रश्न. पुन्हा तेच ऐकवायला माझी जीभ उचलेना. तोंडातून निघून गेलं, "सेकंड शिफ्ट आहे ना त्यांची." तिचा चेहरा लगेच निवळला. "मगे जेवान झाकून ठेव," म्हणाली आणि झोपायला गेली. तेव्हापासून तुम्ही रोज सेकंड शिफ्टला जाता, बाबा. तुमचं पान मी खरोखर झाकून ठेवते आणि सकाळी तोच भात फोडणीला टाकते.

आता सांगा, इटलीत मी काय करू? घरी हे चालतं, कारण घरी तुमची खुंटी आहे, दार आहे, जिन्यात पावलं वाजतात. परक्या गावातल्या हॉटेलात संध्याकाळ झाली आणि तिने विचारलं, तर? भर चौकात हात सोडून ती कुठलं तरी गेट शोधायला निघाली, तर? धाकट्याला गोरेगावला फोन करून सांगितलं तर तो उखडलाच. "ताई, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? तिला नाहूरमध्ये स्वतःचं घर सापडत नाही, तू तिला इटलीला नेणार? वाट लागेल यार सगळ्यांची. तुम्ही तिघं जा, फोटोबिटो काढा, तिला माझ्याकडे ठेव." मग हळू आवाजात म्हणाला, "तिथे बाबांचं विचारलं तर कुठली शिफ्ट सांगणारेस?" त्याचं काही चूक नाही. मला वाईट वाटलं ते त्याचंच.

मोठ्या टूरमध्ये आईला न्यायचं नाही हे मी आधीच ठरवलं होतं. तिथे पोहे-उपमा मिळतो म्हणतात, पण झेंडा धरून पुढे पळणाऱ्या माणसाच्या मागे आई कुठे पळणार! म्हणून बोलोन्यात राहणारी एक गाईड बाई शोधली. फक्त आपल्या कुटुंबाबरोबर फिरेल, आपल्या चालीने चालेल, दुपारी थांबा म्हटलं तर थांबेल. तिच्या इंग्रजीला इटलीचा हेल आणि माझ्या इंग्रजीला घाटकोपरचा, त्यामुळे आमचं बरं जमतं. तिने सुरुवातीलाच विचारलं होतं, आईंच्या बाबतीत काही सांभाळायचं आहे का? मी कळवलं, गुडघे दुखतात. बस्स, एवढंच. बाकीचं लिहायला घेतलं आणि पुसलं, पुन्हा घेतलं आणि पुसलं. भीती वाटली की ती नको म्हणेल. आणि मराठीत आई नुसती "जरा विसरते". इंग्रजीत लिहायला गेलं की त्याला आजाराचं नाव द्यावं लागतं, आणि ते एकदा लिहिलं की खरं होतं.

या रविवारी जेवणं झाल्यावर त्या बाईने व्हिडिओवर बोलावलं. गाडी ठरवायची होती, म्हणून माणसं नक्की करायची होती. तुमच्या नातीने फोन आईसमोर धरला. आईने पदर सावरला आणि थेट मालवणीत सुरुवात केली, "तुमच्या गावचो एक माणूस आमच्याकडे जेवान गेलो. तेका वळखतास?" लेकीने इंग्रजी करून सांगितलं. ती बाई मोकळेपणाने हसली, पण चेष्टेने नाही. म्हणाली, नाव सांगा, शोधू. नाव कुणालाच आठवेना. मग तिने विचारलं, तर तुम्ही चौघं ना? आई लेकीला म्हणाली, "काय इचारता ती?"

"आपण किती जण येणार, असं विचारतेय गं आजी."

"पाच," आई म्हणाली. एकेक बोट दुमडून मोजलंसुद्धा. "तू, तुझी आवस, तुझो बापूस, मी, आणि ह्ये." आणि पाची बोटं पसरून हात फोनसमोर धरला. त्याचं भाषांतर करायची गरजच नव्हती. बाई म्हणाली, पाच, ठीक. लेक माझ्याकडे बघत राहिली. मी बोलू शकले असते. मी मान डोलावली.

फोन ठेवल्यावर मी उगाचच ताटं घासायला घेतली. नवरा म्हणाला, "अगं, आता तरी सांग त्या बाईला." दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा निरोप आला: पाचवे कोण, आणि त्यांचेही गुडघे दुखतात का? मग मात्र मी सगळं लिहिलं. आजाराचं नाव लिहिलं. पाचवे म्हणजे माझे वडील, ते वारलेत, पण आईसाठी ते रोज कारखान्यात दुसऱ्या पाळीला जातात, हे लिहिलं. परक्या गावात तिने त्यांचं विचारलं तर काय सांगायचं ते मला कळत नाही, आणि तुम्हाला हे झेपणार नसेल तर मी समजू शकते, आत्ताच सांगा, हेही लिहिलं. पाठवलं आणि फोन उलटा करून डब्यांच्या मागे ठेवला. कुकरच्या शिट्ट्या मोजायला विसरले, वरणाचा लगदा झाला. आईने तो मुकाट्याने खाल्ला आणि वर म्हणाली, "आज वरण बरा झाला."

दुपारी उत्तर आलं. तिने लिहिलं होतं, आमचं गाव मशिनांचंच आहे. इथेही पुष्कळ कारखाने आहेत आणि इथेही दुसरी पाळी असते. आईंनी विचारलं तर मी सांगेन.

मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या ते पुन्हा पुन्हा वाचलं. मग तिला विचारलं, ती पाळी सुटते किती वाजता? तिला विचित्र वाटू नये म्हणून पुढे लिहिलं, आईला सांगायला लागेल. ते खरं नाही, बाबा. आईने वेळ कधीच विचारलेली नाही. मला हवी होती.