फिरताना हाक द्यायची नाही

१२ ऑगस्ट

आणि खेचराचं म्हणशील तर ते मी विकलेलं नाही, दादा. पन्नासदा सांगून झालं. ते दोर तोडून पळालं, आणि दोर तू बांधला होतास. पण तुला काय, घरात काही मोडलं की एवाल्दो, काही हरवलं की एवाल्दो, विहीर आटली तरी एवाल्दोनेच पिऊन टाकली असणार.

ही वही तुला पाठवायची नाही. तू चारचौघांत म्हणालास की याला चार ओळी धड लिहिता येत नाहीत, म्हणून लिहितोय. मोज.

पोचलो. दोन दिवस ट्रकच्या मागे, एक दिवस होडीत. या बेटाचं नाव ताउआ. आपल्याकडे सबंध वर्षात पडतं त्याहून जास्त पाणी इथे दिवसातून दोनदा येतं आणि दोनदा जातं. येतं तेव्हा घरांच्या खांबांना लागतं, जातं तेव्हा चिखलात होड्या कुशीवर पडलेल्या असतात, म्हशींसारख्या. मी हसत बसलो बघून. दोना एर्सिलिआ नावाची बाई खाणावळ चालवते. तिने जुसारा नावाच्या ताडफळाचा जांभळा रस, त्यात कसावाचं जाडं पीठ आणि मूठभर सुकी कोळंबी असं वाडगाभर दिलं. दात अजून जांभळे आहेत.

काम लागलं. तांडेल लिबेरातो म्हणून म्हातारा आहे, त्याच्या होडीतून सुक्या कोळंबीच्या करंड्या शहरात पोचवायच्या. तो पैसे देतो. तू कधी दिले नाहीस म्हणून मुद्दाम लिहिलं.

१६ ऑगस्ट

इथले लोक हरामखोर आहेत.

मला बकऱ्या म्हणतात. कोरड्या मुलखातला म्हणून. लिबेरातो म्हणतो, बकऱ्या, ते शेपूट नाही, सुकाणू आहे, पिरगाळू नकोस. परवा धक्क्यावरच्यांनी मला दोना एर्सिलिआकडे ओहोटीची किल्ली आणायला पाठवलं. म्हणे ओहोटी अडकलीय, किल्ली तिच्याकडे असते. तिने चेहऱ्यावर काही न दाखवता गंजकी किल्ली काढून दिली, वर म्हणाली, जपून, एकच आहे. ती हातात धरून मी सगळा धक्का चाललो. अजून मी दिसलो की धक्क्यावरचा जो तो खिशात हात घालून किल्ली शोधल्यासारखं करतो.

पण होडी शिकलो. वारा शहराकडून येतो, म्हणजे जायचं तिथूनच तोंडावर. सरळ जाता येत नाही. तिरकं जायचं, मग नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, वाऱ्याच्या तोंडातून फिरवून दुसऱ्या अंगाला तिरकं. याला फेरा म्हणतात. शहरापर्यंत नऊ फेरे.

फेऱ्याला दोन माणसं. सुकाणूवरचा हाक देतो, फिरतो! आणि सुकाणू ढकलतो. नाळेवरचा पुढचं लहान शीड वाऱ्यात उलटं धरून ठेवतो, नाळ पुरती वळली की दोर सोडतो आणि ओरडतो, सोडलं! ते ऐकू आल्याशिवाय सुकाणू सरळ करायचं नाही. चुकलं तर होडी वाऱ्यात अडकते, शिडं नुसती फडफडतात, आणि प्रवाह तिला मागे दांड्याकडे ओढतो. दांडा म्हणजे वाळूचा उंचवटा, त्यावर लाटा फुटतात. होडीच्या फळ्यांचं काय होतं ते मला दाखवलं. चुलीत घालण्याएवढ्या राहतात.

मी नाळेवर असतो. दिवसभर सोडलं, सोडलं. झोळीत झोपेतही म्हणतो, असं दोना एर्सिलिआ सांगते.

२० ऑगस्ट

आज सुकाणू माझ्याकडे, म्हातारा नाळेवर. दादा, ते हातात घेऊन बघायला पाहिजेस. मागे बसायचं आणि पुढचं सगळं तुझ्या मनगटाप्रमाणे वळतं. बावीस वर्षं मी तुझ्या पुढे चालतोय, तू मागून हाकतोस. आता कळलं तुला त्यात काय गोड लागतं ते.

२३ ऑगस्ट

लिबेरातोचे गुडघे गेले आहेत. तो म्हणाला, एकट्याने होडी शहरात नेऊन परत आणलीस तर नाताळापर्यंत ती तुझी. तूच तांडेल. मी पुन्हा विचारलं, त्याने पुन्हा तेच सांगितलं.

एकट्याने कसं करायचं तेही शिकवलं. पुढच्या शिडाचा दोर एका खुंट्यावरून मागे आणायचा, एक हात सुकाणूवर, एक दोरावर, दोर दाबून धरायचा आणि मनात चार मोजून सोडायचा. सोपं नाही. चार मोजताना मी तीनलाच सोडतो.

मग शेवटी खिशातून तिवराच्या लाकडाची खुंटी काढली, करंगळीएवढी, दातांच्या खुणांनी भरलेली. म्हणे, फेरा घेताना ही दातांत धरायची. एकटा असशील तेव्हा हाक द्यायची नाही. सवयीने तोंडातून निघते, म्हणून खुंटी. मी विचारलं का, तर म्हणाला, नाळेवर कोणी नसताना नाळेवरच्याला बोलावतोस का, गाढवा? बाजूला दोघं जाळं शिवत होते, त्यांनी मान खाली घातली. हसू दाबत असणार. मी पण मान डोलावली. धक्क्याचं वळण आल्यावर खुंटी पाण्यात टाकली. ओहोटीची किल्ली एकदा पुरे.

२४ ऑगस्ट

जमलं! दादा, जमलं!

पहिल्या फेऱ्याला सवयीने ओरडलोच, फिरतो! आणि नाळ अशी वळली, झोळीत झोपलेली बाई कूस बदलते तशी. पुढून आवाज आला, सोडलं. तिवरांवर आदळून माझाच परत आला. म्हातारा नाळेवर असतानासुद्धा इतका स्वच्छ फेरा निघाला नव्हता. मग नऊच्या नऊ ओरडून घेतले, मजा वाटली म्हणून.

शहराच्या धक्क्यावर हमाल कटकट करत होता, दोघं असून एकटाच करंड्या का उचलतोस, तो नाळेवरचा तुझा गडी उतरत का नाही, फार लाडावून ठेवलायस. मी म्हटलं एकटाच आहे. तो म्हणाला, बरं बाबा, एकटा तर एकटा, हमाली दोघांची लावीन.

आता लिहिताना एक गोष्ट आठवली. मी फिरतो म्हणून ओरडलो होतो. सोडलं म्हणालो नव्हतो. मग परत येणार काय?

म्हणालो असेन.

२९ ऑगस्ट

तिसरी खेप. पुढच्या शिडाचा दोर मी मागे आणून बांधतो. फेरा झाला की तो पुढे, नाळेवर बांधलेला सापडतो. माझी गाठ साधी, ही तिहेरी. ओली असते. बाकी दोर कोरडा.

रिकामी होडीसुद्धा नाळेकडे झुकलेली चालते. मी तळातले वजनाचे दगड मागे आणून ठेवले. तरी झुकते.

धक्क्यावर कोणी बकऱ्या म्हणत नाही आता. वाटलं मानायला लागले. मग बघितलं, त्यांनी आपापल्या होड्या सोडून पलीकडे नेऊन बांधल्यात. माझ्या दोन्ही बाजूंना मोकळं पाणी.

३ सप्टेंबर

आज लिबेरातोने विचारलं, खुंटी कुठाय. मी म्हटलं हरवली. तो म्हणाला तोंड उघड. दात बघितले, घोड्याचे बघतात तसे. एकही टवका नाही, एकही खूण नाही. मग कानाखाली वाजवली. म्हातारा आहे, पण डोळ्यांपुढे काजवे आले.

म्हणाला, इथे बुडतात ते बहुतेक नाळेवरचे. शीड उलटं धरताना तेच आधी पाण्यात जातात. मेले तरी कान जात नाही. हाक ऐकली की येतात, आणि नाळ रिकामी दिसली की चढतात. वाईट नसतात. काम करतात, या म्हाताऱ्यापेक्षा बरं करतात. पण बकऱ्या, जन्मभर नाळेवर काम केलेल्या गड्याला काय हवं असतं? तुला काय हवं होतं? सुकाणूच ना? दर हाकेला एक पाऊल मागे सरकतो तो.

मी विचारलं, उतरवायचा कसा. तो म्हणाला, तू उतर. शहरात जा, होडी तिथेच सोड, पुन्हा इकडे फिरकू नकोस. मी म्हटलं दुसऱ्याच्या होडीतून सोडा मला. कोणी तयार नाही. दोना एर्सिलिआने माझं ताट पायऱ्यांवर ठेवलं आणि आतून कडी लावली. कडीच्या आड म्हणत होती, मुला, मी तुला तेव्हाच बजावलं असतं रे, पण तू त्या किल्लीचा राग धरून बसला होतास.

म्हाताऱ्याने नवी खुंटी दिली. नऊ फेरे, म्हणाला. नऊ वेळा तोंड मिटून ठेव, एवढंच. प्रवासाला म्हणून माझी मजुरीही मोजून दिली, तीनशे साठ क्रुझेरो. हिशेब चोख. माझ्याकडे न बघता दिली.

४ सप्टेंबर

गेलो. परत आलो. खुंटी दातांत होती. तोंड मिटून फेरा घेतला, होडी वाऱ्यात अडकली. पुन्हा घेतला, पुन्हा अडकली. दादा, मला येतच नाही. इतके दिवस मी केलेच नव्हते फेरे. तो करत होता. मागे दांडा, लाटा फुटतायत, पांढरं पांढरं, फळ्यांना हादरे — थुंकून टाकली खुंटी. ओरडलो.

सोडलं, म्हणाला. डोलकाठीजवळून. नाळेवरून नाही.

वारा पाठीवर घेऊन बेटावर परत पळालो. परत येताना फेरे लागत नाहीत. येताना मागे वळून — म्हणजे पुढे — बघितलं नाही.

५ सप्टेंबर

चिखलात होडी कुशीवर पडलेली असताना तिच्यात बसून दिवसभर सराव केला. सुकाणू, दोर, चार. सुकाणू, दोर, चार. तिवराची नवी खुंटी तासून घेतली, ती चावून हिरडीतून रक्त आलं. आता तीनला सुटत नाही.

मधल्या फळीवर ओलं आहे. भरती यायला दोन तास असताना.

घरी येतो, दादा. खेचर मीच विकलं म्हण. म्हण काय म्हणायचं ते.

६ सप्टेंबर, सकाळ

पहिला फेरा. खुंटी दातांत. जमला. माझा मी घेतला.

दुसरा. जमला.

तिसरा, चौथा. जमतंय. पाचवा. पाच झाले, दादा! तो मधल्या फळीवर आहे. बघत नाही मी तिकडे. वास येतो, ओहोटीनंतरच्या तिवराच्या मुळांचा. शहराचं चर्चचं टोक दिसतं. वारा चांगला. फेऱ्यांच्या मधे पेन्सिल घेतो, म्हणजे तोंड बंद राहतं.

दोर अडकला. पुढच्या शिडाचा. नाळेवरच्या कडीत, तिहेरी गाठ. मागून सुटत नाही. पुढे जायला हवं. सुकाणूला दोरी बांधून जातो. चार पावलं.

त्याच्या अंगावरून जावं लागेल.

तीच सकाळ

गाठ सोडत होतो. मागून हाक आली.

फिरतो.

मी दिली नाही. खुंटी दातांत होती. आवाज चांगला आहे त्याचा, तांडेलाचा. सुकाणू ढकललं गेलं, नाळ वळायला लागली, आणि माझे हात — मी नाही, हात — शीड उलटं धरून उभे. चार. सोडला. आणि तोंड उघडलं. खुंटी पाण्यात पडली.

सोडलं, म्हणालो.

मागे जायचं म्हटलं तर पाय उचलत नाहीत. पाण्याने जड. चर्च आता डावीकडे नाही. मागे आहे. आपण शहराकडे जात नाही आहोत.

फिरतो म्हणाला. थांब.

सोडलं.

तिवरांच्या अगदी जवळून जातो आहे. चिखलात दोघी खेकडे काढतायत. हात करतायत आम्हाला. दोघांना.

वही करंडीत घालतो, मेणकापडात गुंडाळून, त्यांच्याकडे फेकतो. वर तुझं नाव आणि गाव लिहिलंय. बायांनो, पोचवा. मजुरी आत आहे, सगळी, एक पैसा काढला नाही. आईला दे. तू मागे बसतोस ना दादा, मागेच बस. कोणाला हाक —

फिरतो म्हणाला.

घाईत लिहितो. पाठवतोय मजुरीचे तीनशे साठ क्रुझे—