धरणाचा वाटा आणि माझं मत

हेलविक, साउथ डकोटा
१४ मार्च

प्रिय कर्टिस,

पाकिटावरचं माझं अक्षर पाहून पत्र फाडणार असशील तर खुशाल फाड, पण आधी वाच. हट्टी तर तू बापासारखाच. पण तुझे बाबा निदान भांडण पुरं करून मग रुसायचे. तू दार आपटून गेलास त्याला आज सात आठवडे झाले.

इकडचं सांगायचं तर बर्फ अजून हटलेला नाही. गावच्या विजेच्या तारा आता कंपनीच्या झाल्या. त्यांचा माणूस साठ मैलांवर राहतो. परवा वीज गेली तेव्हा पाच तासांनी उगवला. मेयर डेल्मार चर्चमध्ये माझ्या बाकावर बसत नाही. कॉफीच्या वेळी माझ्या बटाट्याच्या लेफ्सा-पोळ्यांना कुणी हात लावत नाही, मग सगळ्या घरी आणून मीच खाते. चांगली गरगरीत झालेय!

त्यांचं तरी काय चुकलं? साठ वर्षं मिझुरी नदीवरच्या सरकारी धरणातल्या स्वस्त विजेवर हे गाव तगलं. स्वतःच्या तारा असतील त्याच गावाला तो वाटा. करार नवा केला नाही, तारा विकल्या, की वाटा गेला तो कायमचाच. गावच्या कौन्सिलात दोन मतं इकडे, दोन तिकडे, आणि पाचवी मी. नव्या कराराला मी ‘नाही’ म्हटलं. महाग विजेची सगळ्यात जास्त झळ वृद्धाश्रमाला बसणार, आणि तिथे मिसेस व्होस राहतात. म्हणून लोक म्हणतात, आर्लिसने वीस वर्षांनी सूड उगवला. जाताना तूही तेच म्हणालास. ते मात्र फार लागलं रे.

बाबा गेले तेव्हा तू अकरा वर्षांचा होतास. बर्फाच्या वादळात तुटलेली तार जोडायला त्यांनी लाइन बंद केली होती, तारेत वीज नाही म्हणून हात घातला. आणि मिसेस व्होसनी कोंबडीची पिल्लं गारठतील म्हणून जनरेटर आणून गोठ्याच्या प्लगला जोडलेला. प्लगमधून घातलेली वीज उलटी बाहेरच्या तारेत चढते, हे त्या बाईला काय ठाऊक! दोन वर्षं मी तिचं तोंड पाहिलं नाही. मग एका ईस्टरला बटाट्याचं कॅसरोल घेऊन तिच्या दारात उभी राहिले. दोघी खूप रडलो. तेव्हापासून एक रविवार चुकवलेला नाही. तिच्यावर कसला सूड घेऊ? जनरेटर घरोघरी आहेत, आणि कुणाचं ना कुणाचं काहीतरी गारठतच असतं.

मतदानाच्या त्या बैठकीत तू उभा राहून म्हणालास, “बाबांनी या तारांसाठी जीव दिला, मीही याच खांबांवर म्हातारा होईन.” केवढ्या टाळ्या पडल्या! मला मात्र पुढचं काही ऐकूच आलं नाही. दहा वर्षं तू बाबांसारखा वादळात गावच्या तारा जोडायला बाहेर पडलास की मी खिडकीशी उभी राहिलेय. तारा गेल्या की कर्टिस खाली उतरेल, एवढाच हिशेब केला मी. गाव बुडालं तर बुडालं. हे तेव्हाच तोंडावर सांगायला हवं होतं. पण भर सभेत आपल्या भीतीपायी अख्खं गाव विकलं, असं कुठल्या तोंडाने सांगू?

काल मिसेस व्होसनी तू पाठवलेलं कार्ड दाखवलं. तिला लिहितोस, मला नाही, असो. मोंटानात मोठ्या लाइनवर लागलायस म्हणे, दीडशे फुटी मनोऱ्यांवर. ती बिचारी नुसता माझा हात धरून बसली. कर्टिस, तुला चाळीस फुटांवरून उतरवायला मी गावाचा वाटा घालवला रे, आणि तू आणखी वर जाऊन बसलास. आता माझ्या हातात कुठलंही मत उरलं नाही. परत ये म्हणत नाही, माफ कर असंही म्हणत नाही. तिकडे वादळ झालं की फोन तेवढा कर. खाली उतरलो, एवढंच सांग आणि ठेवून दे.

तुझीच,
आई