निवासी, अनिवासी

७ जानेवारी २०२५

रुपेशचं डिमॅट खातं बंद पाडलं! अकरा वर्षं मी पोराच्या नावाने शेअर घेत आलो, तो अमेरिकेत गेल्यावरही. ओटीपी माझ्याच फोनवर येतो. आज स्क्रीनवर लाल अक्षरं — आधी नागरिकत्वाची माहिती भरा.

भरतो की! त्यात काय लपवायचं? पोराकडे दोन्ही देशांचं नागरिकत्व आहे. त्याची आई, मीरा गेली तेव्हा आला होता, त्याचं ते ओसीआय कार्ड मी स्वतः पाहिलं. त्यावर 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया' छापलंय. शेजारच्या प्रभाकररावांना वाचूनही दाखवलं होतं.

९ जानेवारी

वर्ध्याला ब्रोकरच्या ऑफिसात गेलो. तिथला श्रावण कागद पाहून हसला.

"काका, आपल्याइथं दोन चालतच नाई. तिकडचं घेतलं का इकडचं गेलं. ते कार्ड म्हंजे निस्तं येण्याजाण्यापुरतं."

"पण सिटिझन लिहून आहे ना?"

"लिहून आहे. पण मत देता येते का त्याले?"

फॉर्मवर मी इतकी वर्षं 'निवासी' लिहीत आलो, तेही चूकच. तो परदेशी गेला तेव्हाच कळवायला हवं होतं म्हणे. सेलू तहसिलीत एकतीस वर्षं लोकांना रहिवासी दाखले लिहून दिले मी. घरचाच दाखला चुकला!

१० जानेवारी

रुपेशला फोन केला. सरळ विचारलं — आपला भारतीय पासपोर्ट परत केला का?

"हो बाबा."

"मले सांगाव नाई वाटलं?"

मग म्हणतो, "आई बोलली नाई का काही?"

मेलेल्या बाईच्या पदराआड लपतो! फोन आपटला.

१३ जानेवारी

प्रभाकरराव चहाला आले. "काय म्हणते दोन देशायचा मानूस?" नेहमीचीच थट्टा. आज अंगावर आली. बरं नाही सांगून त्यांना वाटेला लावलं.

२६ जानेवारी

विहारात दरवर्षी संविधानाची उद्देशिका मी म्हणतो, मागून सगळे. आज पहिल्या ओळीलाच थांबलो. शेजारी उभ्या रोशनीने पुढे म्हटलं. लोकांना वाटलं, मीराची आठवण आली. वाटू दे.

नऊ वर्षांचा असताना याच ओट्यावर रुपेशने कागद न बघता सगळी म्हटली होती. आमच्या आज्याला गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते. ज्या कागदाने आम्हाला माणसात आणलं, त्याचं नागरिकत्व पोराने काउंटरवर ठेवून दिलं. कशासाठी? मोठ्या घरासाठी? मला राग येतो. रागापेक्षा लाज जास्त येते.

२ फेब्रुवारी

त्याचा मेसेज — "बाबा, खातं अनिवासी करून घेऊ, नाहीतर विकून टाका. मी सही करतो."

विकून टाका! फोन पालथा ठेवला.

५ फेब्रुवारी

श्रावणचा फोन. खातं अनिवासी करायला रुपेशच्या पॅनकार्डाची झेरॉक्स हवी आणि दोन फोटो. फोटोवरून आठवलं — आजारपणातही मीराने मला ओढत स्टुडिओत नेलं होतं. "ज्येष्ठ नागरिकाच्या कार्डाले लागते जी." चांगले मोठे चौकोनी फोटो, मागे पांढरा पडदा. मी म्हटलं, एवढा मोठा फोटो कुठल्या कार्डाला लागतो? म्हणाली, "तुमी गप बसा, समोर पाहा." ते कार्ड काही आलंच नाही. मीही विचारलं नाही.

६ फेब्रुवारी

झेरॉक्ससाठी मीराची पेटी उघडली. साड्यांखाली पाकीट. आईवडिलांना अमेरिकेत कायमचं बोलावून घ्यायचे दोन अर्ज. त्यावर तेच चौकोनी फोटो. सोबत रुपेशची चिठ्ठी — "आई, नागरिक झाल्याशिवाय तुमाले बोलावता येत नव्हतं. म्हणून झालो. तुह्या इलाजाले उशीर नको. बाबाले तूच सांगजो, माही हिंमत नाई."

ती जायच्या पाच महिने आधीची तारीख.

तिच्या अर्जावर तिची सही आहे. माझ्या अर्जावर सहीची जागा कोरी आहे.